‘स्टार्व्ड’ म्हणजे भूक नव्हे : एका रात्रपाळीचं प्रकरण

रात्रीचे साडेबारा वाजले होते. हाडांच्या वॉर्डातली चार खाटांची खोली. तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा जागे होते. वय ऐंशीच्या पुढे, घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलेलं. मी टॉर्च खाली धरून विचारलं, सगळं ठीक ना? ते म्हणाले, “आय’म स्टार्व्ड, लास.”

मी म्हटलं, थांबा हं, आणते काहीतरी. वॉर्डाच्या स्वयंपाकघरात जाऊन दोन स्लाइस भाजले, लोणी लावलं, चहा केला आणि ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. संध्याकाळी त्यांनी ताटातलं निम्मं टाकलं होतं हे मला आधीच्या पाळीतल्या नर्सने सांगितलं होतं. न जेवलेल्या माणसाला मध्यरात्री भूक लागली, यात नवल काय? खरं सांगायचं तर मी जरा खूशच होते. तिसऱ्या दिवशी भूक लागणं हे चांगलं लक्षण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोस्टकडे पाहिलं, “टा, लुव”, म्हणजे थँक्यू गं, म्हणाले आणि डोळे मिटले.

आजोबांना भूक लागलेली नव्हती. त्यांना थंडी वाजून हुडहुडी भरली होती.

ही जागा साउथ यॉर्कशर, इंग्लंडच्या उत्तरेकडचा जुना कोळशाचा पट्टा. रुग्णालयाचं नाव सांगत नाही आणि रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मूळची कराडजवळची. पुण्यात नर्सिंग शिकले, तिथेच सहा वर्षं नोकरी केली, मग ओईटी ही परिचारिका-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा देऊन इकडे आले. हे प्रकरण माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यातलं. नंतर वॉर्डातल्या शिकण्या-शिकवण्याच्या बैठकीत मी ते मांडलं. तेव्हा इंग्रजीत मांडलं होतं आणि त्यातली अर्धी गंमत, अर्धी लाज तिथे सांगता आली नव्हती.

चाळीस मिनिटं

आधी घटनाक्रम. इथे प्रत्येक रुग्णाची ‘ऑब्ज’ घेतात : श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. प्रत्येक आकड्याला गुण असतात आणि त्यांची बेरीज म्हणजे न्यूज-टू हा अंक. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ही पद्धत २०१२ साली आणली, २०१७ मध्ये सुधारली. बेरीज ५ किंवा जास्त झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. आजोबांची रात्री दहाची बेरीज १ होती. पुढची ऑब्ज दोन वाजता. मध्ये चार तास, नियमाप्रमाणे बरोबर.

साडेबाराला ते ‘स्टार्व्ड’ म्हणाले. पावणेएकला टोस्ट आला. मग समोरच्या खोलीत एका बाईंची सलाईनची नळी निघाली, मी तिकडे गेले.

एक वाजून दहा मिनिटांनी आमची मदतनीस पाण्याचे जग बदलत खोलीत शिरली. पन्नाशीची बाई, जन्म इथलाच, वडील खाणीत. तिला न खाल्लेला टोस्ट दिसला. आजोबांच्या कपातला चहा बशीत सांडलेला दिसला. तिने विचारलं, “व्हॉट्स अप, लुव?” ते परत तेच म्हणाले. तिने त्यांच्या हाताला हात लावला आणि मला हाक मारली. तिचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. “ही इन्ट हंग्री! ही’ज स्टार्व्ड! फील ’इम!”

मला क्षणभर काहीच कळेना. भुकेला नाही, भुकेला आहे, हात लावून बघ?

हात लावला. दात वाजत होते. खाटेचा कठडासुद्धा बारीक थरथरत होता. ताप ३८.९, नाडी ११२, श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९५. बेरीज ६. डॉक्टर आले, रक्ताचे नमुने गेले, लघवीचा नमुना गेला, शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग रक्तात उतरायला लागला होता. दोन दिवस आजोबा मलूल होते, मग सावरले.

चाळीस मिनिटांनी फार बिघडलं का? या वेळी नाही. पण त्या वयाच्या माणसाला जंतुसंसर्ग रक्तात उतरायला लागल्यावर चाळीस मिनिटं म्हणजे चेष्टा नसते. आणि ती मदतनीस पाण्याचे जग घेऊन आली नसती तर चाळीसची नव्वद झाली असती. कारण दोन वाजेपर्यंत मी त्या खाटेकडे निर्धास्त मनाने पाठ फिरवली होती.

शब्द कुठून आला

सकाळी पाळी संपल्यावर मदतनीसबाईने मला समजावलं : आमच्याकडची जुनी माणसं स्टार्व्ड म्हणतात ते थंडीने. भूक लागली असती तर ते जेवणाला ‘स्नॅप’ म्हणाले असते. स्नॅप म्हणजे खाणकामगाराचा डबा. पत्र्याची गोल कडेची डबी असायची, तिला स्नॅप टिन म्हणत.

घरी येऊन झोपायच्या आधी मी शोधत बसले. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओर्फान’ म्हणजे मरणे. कशानेही मरणे. जर्मन भाषेत ‘श्टेर्बेन’ आजही मरणेच आहे. इंग्रजीत मात्र पुढे हा शब्द दोन वाटांनी गेला. दक्षिणेत भुकेने मरणे, उत्तरेत थंडीने मरणे. पुस्तकांची, शाळांची, परीक्षांची इंग्रजी दक्षिणेकडून आली, म्हणून जगभर भुकेचा अर्थ पोचला. थंडीचा अर्थ उत्तरेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिला.

म्हणजे आजोबा मला काय म्हणाले? “मेलो गं पोरी.” एवढंच. आपणही थंडीने मेलो म्हणतो, भुकेने मेलो म्हणतो, उकाड्याने मेलो म्हणतो. नुसतं ‘मेलो’ म्हटलं तर समोरचा विचारतो, काय झालं? मी ते विचारलं नाही. कारण मला वाटलं, मला कळलंय.

या सगळ्या प्रकरणातली माझ्या लेखी महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती मला पुण्यातच कळायला हवी होती. तिथे मेडिकल वॉर्डात असताना माण तालुक्यातली एक आजी आली होती. ती म्हणाली, “हिव भरलंय गं बाई.” माझ्याबरोबरची नर्स मुंबईची. तिने ‘हिव’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिने सरळ विचारलं, “म्हणजे काय होतंय आजी?” आजीने दोन्ही हात छातीशी धरून कापून दाखवलं. झालं काम. न कळणारा शब्द होता, म्हणून प्रश्न निघाला आणि उत्तर मिळालं.

आजोबांचा शब्द मला कळणारा होता. दहावीपासून ओळखीचा. तिथेच घात झाला. अनोळखी शब्द दारावर टकटक करतो. ओळखीचा शब्द किल्ली लावून आत येतो आणि आपण मान वर करूनसुद्धा बघत नाही.

त्याआधीची एक चूक, जी मी कोणाला सांगितली नव्हती

स्टार्व्डची गोष्ट सगळ्यांना कळली. पण बैठकीसाठी लिहायला बसले तेव्हा आदल्या रात्रीचं एक आठवलं आणि माझे कान तापले.

रात्री आठला मी गोळ्यांची ट्रॉली घेऊन आजोबांकडे गेले होते. दुखण्याची गोळी आता घेणार का, विचारलं. ते म्हणाले, “नॉट व्हाइल टेन.”

व्हाइल म्हणजे ‘चालू असताना’. दहा चालू असताना नको? वाजले होते आठ. दहाचं नाव कोणी काढलं नव्हतं. मी परत विचारलं. त्यांनी तेच उत्तर जरा मोठ्याने दिलं, बहिऱ्याला देतात तसं. मी गोळी परत ठेवली. दहाच्या सुमाराला तिकडे गेलेच नाही, कारण दहाला नको असं तेच म्हणाले होते. अकराला मी डोकावले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मी काही विचारलं की “नाउट” एवढंच बोलत होते. नाउट म्हणजे काही नाही. हा शब्द मला पहिल्याच आठवड्यात कळला होता.

यॉर्कशरमध्ये व्हाइल म्हणजे ‘पर्यंत’. नऊ व्हाइल पाच म्हणजे नऊ ते पाच. ‘नॉट व्हाइल टेन’ म्हणजे दहापर्यंत नको, दहाला दे. आजोबांनी मला नेमकी वेळ सांगितली होती. मी नेमक्या त्याच वेळेला त्यांना टाळलं.

इथे सगळीकडे रेल्वे फाटकाची एक गोष्ट सांगतात. फाटकावर पाटी होती : दिवे लुकलुकत असताना थांबा. पाटीत शब्द ‘व्हाइल’. यॉर्कशरच्या माणसाने ती वाचली ‘दिवे लुकलुकेपर्यंत थांबा’, आणि दिवे लागल्याबरोबर गाडी घातली. खरी की रचलेली, देव जाणे. पण ती ऐकून हसताना मला गोळ्यांची ट्रॉली दिसते.

खरी चूक पुढेच आहे. सकाळी पाळी देताना मी म्हणाले की तीन नंबरचे आजोबा ‘थोडे गोंधळलेले’ वाटतात, वेळेचं भान नीट नाही. हे वाक्य साधं नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला भ्रम होणं नेहमीचं आहे आणि ते गंभीर धरतात. न्यूज-टूमध्ये ‘नव्याने झालेला गोंधळ’ याला एकदम ३ गुण आहेत. म्हणजे माझ्या कानाच्या अडचणीमुळे मी एका खणखणीत डोक्याच्या माणसावर भ्रमाचा शिक्का मारायला निघाले होते. तो बसला असता तर पुढे ते जे काही सांगतील, ‘थंडी वाजतेय’ धरून, ते सगळं गोंधळाच्या खाती गेलं असतं.

दिवसपाळीच्या नर्सने ते मनावर घेतलं नाही, कारण आजोबा तिच्यासमोर पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. मदतनीसबाईला नंतर मी हे कबूल केलं तेव्हा ती फणकाऱ्याने म्हणाली, “ते डूलॅली नाहीत, बार्न्सलीचे आहेत!”

बार्न्सली हे इथलंच गाव. पण ‘डूलॅली’ ऐकून मी थबकले. हा शब्द ब्रिटनभर चालतो : डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. त्याचा जन्म मात्र आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतला. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असत. बोटी ठरावीक हंगामातच निघायच्या. काम नाही, ऊन, दारू, आजार. काहींचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्याला ते म्हणत ‘डूलॅली टॅप’. यातलं टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. मी बाईला हे सांगितलं तर तिला पटेना. तिच्या आजीचा शब्द माझ्या गावाकडून गेलाय म्हणजे काय! मी फोनवर नकाशा उघडून देवळाली दाखवली. मग कराड दाखवलं. लांब आहे, पण तिला त्याचं काही नव्हतं.

कान कुठे कमी पडला

परीक्षेत कमी पडला नव्हता. ओईटीत ऐकण्याचे ४२ प्रश्न असतात आणि इथल्या नर्सिंग कौन्सिलला हवी ती ‘बी’ श्रेणी मला पहिल्या खेपेस मिळाली होती. त्या ध्वनिफितीतली माणसं वेगवेगळ्या देशांची असली तरी शहाण्यासारखी बोलतात. वाक्य पुरं करतात. त्यांचे दात जागेवर असतात. कोणी कुशीवर वळून उशीत बोलत नाही.

इथे पहिला महिना मला उच्चारांनी छळलं. ‘कप’चा कुप, ‘ब्लड’चा ब्लुड, ‘बस’ची बुस. हे एकदा बसलं की बसलं. मराठी माणसाला ऱ्हस्व ‘उ’ काही परका नाही. त्याहून अवघड म्हणजे ‘द’ गिळणं. ‘गोइंग टु द शॉप’मधला ‘द’ जातो आणि त्याच्या जागी घशात एक अटक येते, अर्ध्या ‘ट’सारखी. ती कानाला लागायला मला तीन महिने गेले. आणि ‘होल’चा ‘ऑइल’ होतो. एकदा याच आजोबांनी मला दाराकडे बोट दाखवून सांगितलं, “पुट वुड इन ट’ऑइल.” मी ऐकलं, लाकूड तेलात घाल. म्हणायचं होतं, लाकूड भोकात घाल, म्हणजे दार लाव. त्या वेळी बोट दाराकडे होतं म्हणून निभावलं.

‘दी’ आणि ‘दा’चीही गंमत सांगायला हवी. पुस्तकी इंग्रजीत ‘यू’ एकच, राजालाही आणि रंकालाही. इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र ‘तू’ अजून जिवंत आहे. ‘दाउ’चा झाला ‘दा’, ‘दी’चं राहिलं ‘दी’. शेफील्डच्या लोकांना बार्न्सलीवाले ‘दी-दा’ म्हणूनच चिडवतात. मानपानही आपल्यासारखंच : मोठ्याने लहानाला ‘दा’ म्हणावं, मित्राने मित्राला म्हणावं, लहानाने मोठ्याला म्हटलं की कान उपटतात. माझ्या केरळच्या सहकारी नर्सला हे पटवायला मला वेळ लागला. मला स्वतःला एका क्षणात पटलं. आजोबा मला ‘दा’ म्हणायचे म्हणजे “बस गं पोरी” म्हणायचे, आणि तो अपमान नव्हता.

पण बघा, यातलं काहीच त्या रात्री आडवं आलं नाही. ‘स्टार्व्ड’ मी स्वच्छ ऐकलं होतं. उच्चार कळला, शब्द कळला, व्याकरण कळलं. अर्थ तेवढा दुसऱ्या गावचा होता. म्हणून ‘ॲक्सेंट समजत नाही’ हे या प्रकरणाचं निदान मला मान्य नाही, जरी बैठकीत पहिलं वाक्य तेच उच्चारलं गेलं.

यादी लावून भागतं का

बैठकीत लगेच सूचना आली : परदेशी नर्सेससाठी यॉर्कशर शब्दांची यादी भिंतीवर लावू. लावली. तिच्यात कसले शब्द आले? ‘जिनल’ म्हणजे दोन घरांमधली बोळ. ‘लेक’ म्हणजे खेळणे, हा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोकांनी आणलेला शब्द. डेन्मार्कच्या लेगो खेळण्याचं नाव याच घराण्यातलं. ‘मार्डी’ म्हणजे फुरंगटलेला. ‘नेश’ म्हणजे थंडी लगेच बाधणारा. मजेदार आहेत, मी वहीत उतरवून घेतले. पण यातला कुठलाही शब्द रुग्णाने उच्चारला तर मी आपोआप विचारणारच, म्हणजे काय? यादी करणारे लोक इथले. त्यांना विचित्र वाटणारे शब्द त्यांनी लिहिले. ‘व्हाइल’ त्यांना विचित्र वाटतच नाही, मग तो यादीत येणार कसा?

धोक्याचे शब्द ते, जे दोन्हीकडे आहेत. मी माझी वेगळी यादी केली. छोटी आहे. स्टार्व्ड. व्हाइल. ‘बॅडली’ : वाईट रीतीने नव्हे, आजारी. ‘पुअरली’ : हा तर सगळ्या ब्रिटनचा, आणि डॉक्टर जेव्हा नातेवाइकांना ‘व्हेरी पुअरली’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘जरा बरं नाही’ असा मुळीच नसतो. ‘हॅपन’ : घडणे नव्हे, कदाचित. ‘डिनर’ : दुपारचं जेवण. मधुमेही माणसाला इन्सुलिन डिनरच्या आधी की टीच्या आधी, हे इथे घड्याळाचा आकडा बोलूनच विचारावं.

आणि ‘स्पाइस’. हा माझा लाडका. मी ऐकते मसाला. इथली जुनी माणसं म्हणतात गोळ्या-चॉकलेटं. आणि रस्त्यावर त्याच नावाने एक बनावट गांजासारखा घातक अमली पदार्थ मिळतो. साखर अचानक वाढलेल्या म्हाताऱ्या बाईने कुजबुजत कबूल केलं की थोडा स्पाइस खाल्ला, तर तिन्हीपैकी काय समजायचं? बाईचं वय बघून गोळ्या समजायच्या, हे सोपं उत्तर. पण वय बघून समजायचं म्हणजे परत न विचारता समजायचं. मी उशी उचलून काय खाल्लं ते दाखवायला लावते.

हे शब्द जमवण्याचं वेड काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. जोसेफ राइट नावाचा इथलाच, ब्रॅडफर्डजवळचा माणूस. १८५५ चा जन्म. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढव हाकायला लागला, मग गिरणीत गेला, पंधरा वर्षांचा होईतो त्याला वाचता येत नव्हतं. तो पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. नंतर १९५० च्या दशकात लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांची माणसं इंग्लंडभर ३१३ ठिकाणी फिरली, बहुतेक खेड्यांत, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या चुलीपाशी बसून विचारत की याला तुमच्याकडे काय म्हणतात. त्यांची पद्धत मला फार आवडते. ते शब्द सांगून अर्थ विचारत नसत. वस्तू दाखवायचे, नाहीतर वर्णन करायचे आणि शब्द काढून घ्यायचे. वॉर्डात मला नेमकं याच्या उलट करावं लागतं, शब्दापासून शरीराकडे जावं लागतं. पण दोन्हीकडे मधे हात, डोळे आणि दाखवणं लागतंच.

मग काय बदललं

तीन गोष्टी ठरल्या, त्यातल्या दोन टिकल्या.

पहिली : रुग्णाने सांगितलेली तक्रार नोंदीत त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायची. मी त्या रात्री नोंद काय केली होती? ‘रुग्णाला भूक लागली, टोस्ट दिला.’ मी भाषांतर लिहिलं, मूळ गाळलं. तिथे ‘स्टार्व्ड’ असं त्यांच्याच शब्दात असतं, तर ते वाचणाऱ्या कुठल्याही स्थानिक नर्सला एका नजरेत कळलं असतं. ही सवय मला जड गेली नाही. वॉर्डातल्या इतर परदेशी नर्सेसनी ती माझ्याआधी उचलली.

दुसरी : मध्यरात्री रुग्ण स्वतःहून काहीही म्हणाला, तरी एकदा हात लावायचा. टोस्ट आणायला जाण्याआधी मी त्यांचा हात धरला असता तर शब्दकोश लागलाच नसता. लाजिरवाणी गोष्ट अशी की पुण्यात मी हे करत होते. तिथे कपाळाला हात लावल्याशिवाय मी कोणाशी बोलत नसे. इथे आल्यावर, स्पर्शाला आधी परवानगी घ्यायची हे शिकताना, मी स्पर्शच सोडून दिला होता. परवानगी मागायला दोन सेकंद लागतात.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पाळीत एक स्थानिक माणूस ‘कान’ म्हणून नेमायचा, ती आठवड्याभरात बारगळली. पाळ्यांची वाटणी करणाऱ्याला एवढी चैन परवडत नाही. आणि स्थानिक म्हणजे कोण? आमच्यातला एक तरुण नर्स लीड्सचा आहे, इथून तासाभरावरचा. स्टार्व्डचा थंडीचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. त्याच्या आजीला माहीत असेल, म्हणाला. हा शब्द बोलणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि ऐंशीच्या पुढची माणसंच खुबा मोडून आमच्या वॉर्डात येतात. पुस्तकात न राहिलेली इंग्रजी इथे खाटांवर भेटते.

उलट बाजूही सांगते. आजोबांनाही माझी इंग्रजी कळत नव्हती. मी ‘व्ह’ आणि ‘व’ सारखेच काढते. ‘व्हेन’ तपासते म्हटलं की त्यांना ‘वेन’, म्हणजे ‘कधी’, असं ऐकू यायचं. शीर तपासायची आहे हे कळायचं नाही. ते उत्तर द्यायचे, “नाउ, इफ दा लाइक्स.” मी त्याला संमती समजून सुई टोचायचे. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

घरी जायच्या दिवशी ते खुर्चीत तयार होऊन बसले होते. वॉकर शेजारी, टोपी मांडीवर. रुग्णवाहिका चारला येणार होती. मी कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी खिशातून पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. “दा वॉन्ट्स सम स्पाइस?”

माझ्या हातात मोजे होते, समोर अजून तीन खाटा होत्या. मी म्हणाले, “नॉट व्हाइल फोर.”

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग लॉकरच्या झाकणावर रुमाल अंथरून त्यावर दोन गोळ्या मोजून ठेवल्या.